सातव्या वर्गाचं धुराडं

हात थरथरतात हे कळायला डॉक्टर लागत नाही. चहाचा कप बशीत ठेवायला गेलं की तो वाजतो आणि घरभर कळतं. डॉक्टरनं त्याला एक मोठं नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाला, “काका, पुढे पुढे थोडं विसरायलाही होईल हं, घाबरू नका.” आता असं सांगितल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय पेढे वाटणार?

मी गोरक्ष. सातपूर एमआयडीसीत माझं पॅटर्नचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बँड सॉ, एक लेथ आणि गुडघाभर भुसा. पॅटर्न म्हणजे काय हे आमच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. त्यांना वाटतं मी सुतार आहे, आणि दर लग्नात कोणीतरी मला पलंगाबद्दल विचारतं. तर, लोखंडाचा एखादा भाग ओतायचा झाला की तो आधी लाकडात हुबेहूब करावा लागतो. फाउंड्रीवाले ते लाकूड वाळूत दाबतात, काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लाकूड जसं, तसं लोखंड. लाकडात चुकलं की ते लोखंडात चुकतं, मग तुम्ही कितीही डोकं आपटा.

आजकाल हे काम कॉम्प्युटर करतो. मला त्याचा राग येत नाही, राग यायलाही अंगात ताकद लागते. माझ्याकडे येतात ती उरलीसुरली कामं. कुणाच्या जुन्या पंपाचं झाकण, कुणाच्या गिरणीची पुली. तेवढ्यावर चाललंय.

छाया, माझी बायको, पहिल्यापासून दुकानात आहे. मी कापायचं आणि तासायचं, तिनं पॉलिश पेपर मारायचा, पुटी भरायची, रंग द्यायचा. मी काही सांगत नाही आणि ती काही विचारत नाही, असा आमचा तीस वर्षांचा कारभार. ती दमलीय हेही ती कधी सरळ सांगत नाही. फक्त संध्याकाळी शटर ओढताना म्हणते, “बास झालं हो आता.” आमची मुलगी वैष्णवी गंगापूर रोडला राहते. तिचंही तेच. “बाबा, बंद करा ना. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा झालाय, लिफ्टसुद्धा आहे.” म्हणजे लिफ्टमध्ये बसायला मिळावं म्हणून मी धंदा बंद करायचा. अशी ही सगळी मंडळी.

मागच्या दिवाळीनंतर समाधानचा फोन आला. समाधान म्हणजे छायाच्या बहिणीचा मुलगा, निफाडचा. द्राक्षाचं शिकला आणि द्राक्षाच्याच नोकरीवर दक्षिण आफ्रिकेत केपकडे गेला. रविवारी तिकडे त्याला करमेना, म्हणून तो एका शेडमध्ये जायला लागला. तिथे काही हौशी म्हातारे एक जुनं कोळशाचं इंजिन दुरुस्त करत बसतात. इकडे आपले म्हातारे पारावर बसतात, तिकडचे इंजिनाखाली बसतात, एवढाच फरक.

“काका, सातव्या वर्गाचं इंजिन आहे,” समाधान म्हणाला.

“म्हणजे?”

“इंग्रजांच्या काळात इथल्या रेल्वेनं इंजिनांना वर्ग दिले होते. पहिला, दुसरा, तसा हा सातवा. अठराशे ब्याण्णवच्या सुमाराचा. ग्लासगोत बांधायचे आणि बोटीनं इकडे पाठवायचे.”

छाया मागून म्हणाली, “सातवीतच राहिलं वाटतं बिचारं.”

त्यानं फोटो पाठवले. पुढे चार लहान चाकं, मागे आठ मोठी, आणि रूळ आपल्यापेक्षा अरुंद. ओझी ओढायला म्हणून केलेली ही जात. केपपासून निघून उत्तरेला खाणींच्या मुलखात गेली, काही तर जंगलात लाकडं ओढत म्हातारी झाली, असं समाधान सांगत होता. फोटोतल्या इंजिनाचा रंग उडालेला, पोट गंजलेलं, आणि धुराड्याच्या जागी एक भोक. धुराडं फुटलं होतं.

“इथे ओतणारे आहेत काका, पण लाकडाचा पॅटर्न करणारा कोणी राहिला नाही. तुम्ही कराल?”

मी हो म्हणालो. छायानं माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. हो का म्हणालो ते सांगतो. पंपाच्या झाकणांचा कंटाळा आला होता हे एक, आणि हातात अजून किती उरलंय ते मला बघायचं होतं.

खोकं आलं. त्यात धुराड्याच्या तळाचा, म्हणजे वरच्या भागाखाली वेगळा ओतून बसवतात त्याचा, फुटका तुकडा होता, आणि इंजिनाच्या ज्या गोल डब्यावर धुराडं बसतं त्या डब्याच्या पाठीच्या आकाराचा साचा प्लायवूडमध्ये कापून पाठवलेला होता. दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि मी चक्रावलो. तळ वाकडा होता. डावीकडे जाड, उजवीकडे पातळ. आधी वाटलं, गंजून झालं असेल. मग बोट फिरवत बसलो आणि हळूहळू उलगडलं. ते इंजिन कधीकाळी कशालातरी धडकलं असणार. डबा डावीकडून चेपला असणार. तिथल्या कारखान्यातल्या लोकांनी ठोकून ठोकून तो जमेल तेवढा बाहेर काढला, पण तो पुन्हा गोल झालाच नाही. मग कुणा शहाण्यानं धुराड्याचा तळच तसा वाकडा करून ओतला, म्हणजे वरचं धुराडं सरळ उभं राहील. तो कोण होता, कुठला होता, देव जाणे. मला मात्र त्याला एक चहा पाजावासा वाटला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. समाधानला नाही आणि छायालाही नाही. सांगायची सवयच नाही तर काय करणार.

तो सगळा हिवाळा मी त्या धुराड्याला दिला. सकाळची गोळी घेतली की थोडा वेळ हात ऐकतो, तेवढ्यात काम. मनगट बेंचला टेकवायचं, डाव्या हातानं उजवा धरायचा आणि पटाशीची धार केसाएवढी पुढे न्यायची. मग थांबायचं. घाम पुसायचा. शेजारच्या शेडमधला वेल्डिंगवाला खंडेराव येऊन बघायचा आणि म्हणायचा, “गोरखतात्या, लय झालं राव, इंजिन म्हातारं होईल तुमच्या आधी.” मी त्याला हाकलून द्यायचो. तळाचा उतार काढताना मी कुणाला शेडमध्ये येऊच दिलं नाही. शेवटी प्लायचा साचा तळावर ठेवला तर मधून कागदसुद्धा जाईना. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात देवळ्याला थोरल्या भावाच्या नातीचं लग्न होतं. मी दोन दिवस पुढे गेलो, छाया मागे थांबली. पेपर मारायचा होता, रंग द्यायचा होता, कुरियरवाला यायचा होता. लग्नात एका पाहुण्यानं मला सोफा करून देता का म्हणून विचारलं. परत आलो तर खोकं गेलंही होतं.

ऊन तापायला लागलं तेव्हा तिकडून फोटो आला. धुराडं ओतून, बसवून झालं होतं. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. धुराडं तिरकं होतं. थोडंथोडकं नाही, टोपी तिरकी घातलेल्या म्हाताऱ्यासारखं ते इंजिन दिसत होतं.

मी समाधानला फोन लावला. व्हिडिओवर तो, त्याच्यामागे इंजिन, आणि बाजूला शेडचा प्रमुख, लाल गालांचा एक गोरा म्हातारा. तो म्हातारा हसून काहीतरी म्हणाला. समाधान म्हणाला, “ते म्हणतायत, काही हरकत नाही काका, छान दिसतंय.”

“छान कसलं, डोंबल! अरे, तळ डावीकडे जाड आहे ना? उलटं बसवलंय का तुम्ही?”

“उलटं बसतच नाही काका, बोल्टची भोकं जुळत नाहीत.”

“मग पॅटर्न मोज. डावी बाजू आणि उजवी बाजू. आत्ता मोज माझ्यासमोर.”

त्यानं मोजलं. गोऱ्या म्हाताऱ्यानंही मोजलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“सारखंच आहे काका. दोन्हीकडे अगदी सारखं.”

“नीट बघ.”

“दोनदा बघितलं.”

मी फोन ठेवला. छाया समोर कांदा चिरत बसली होती, तिची सुरी थांबली होती. मी तिला म्हणालो, “अगं, मी तो तळ कमीजास्त केला होता. मला पक्कं आठवतंय.” ती उठून आत गेली.

आता माझी अवस्था काय झाली ते ऐका. हात गेला असता तर मी समजू शकलो असतो. हाताशी माझं भांडण दोन वर्षं चाललेलंच होतं. पण मला तो उतार आठवत होता. साचा ठेवल्यावर मधून कागद जाईना हे आठवत होतं, डोळ्यांत पाणी आलेलं आठवत होतं. आणि तिकडे पट्टी सांगत होती की असं काही झालेलंच नाही. म्हणजे जे मी केलंच नाही ते मला आठवत होतं. डॉक्टर विसरायला होईल म्हणाला होता. न घडलेलं आठवायला लागेल असं नव्हता म्हणाला.

त्यानंतर माझा कशावरच भरवसा राहिला नाही. शटरला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचो आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचो. गोळी घेतली की नाही म्हणून पाकीट उघडून बसायचो. नात सृष्टी दारात आली तर तिला हाक मारण्याआधी मी मनात एकदा नाव म्हणून बघितलं, बरोबर आहे ना म्हणून. पोरगी धावत येऊन गळ्यात पडली आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी हायसं वाटलं. आपल्या नातीला बघून माणसाला हायसं वाटावं, यापेक्षा वाईट गोष्ट नाही.

शेवटी एका सकाळी मी जाहीर केलं, दुकान बंद. वैष्णवीनं लगेच फ्लॅटवाल्याला फोन लावला. बँड सॉ खंडेराव घेणार होता. मला वाटलं, छायाला बरं वाटेल. इतकी वर्षं बास झालं, बास झालं म्हणत होती, आता खरंच बास झालं. पण तिचं जेवणावरचं मन उडालं. ताटात भात कालवत बसायची. मी म्हणालो, “आता काय झालं तुला? तुझ्या मनासारखंच होतंय ना?” तर म्हणाली, “हो.” एवढंच.

शेड आवरायला आम्ही दोघंच गेलो होतो. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. मी जुने पॅटर्न गोणीत भरत होतो, जळणाला द्यायचे म्हणून. छाया रंगाचे डबे गोळा करत होती. एकदम डबा खाली ठेवून म्हणाली, “अहो.”

“काय?”

“तळ तुम्ही वाकडाच केला होता.”

मला आधी कळलंच नाही.

“मी सरळ केला,” ती म्हणाली. “तुम्ही देवळ्याला गेला होतात तेव्हा. पेपर मारायला घेतला तर डावीकडे जाड दिसला. रंधा घेतला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. साचा लावून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मी तिथेच भुशात बसलो. काय वाटलं सांगू? राग नाही, आधी सुटल्यासारखं वाटलं. माझं डोकं जागेवर होतं. उतार होता. कागद जात नव्हता. डोळ्यांत पाणी खरंच आलं होतं. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली आणि मी मोठ्यानं हसलो. हसता हसता विचारलं, “अगं पण सरळ कशाला करायचा?”

“मला वाटलं हात घसरला तुमचा,” ती म्हणाली. “नेहमीसारखा.”

माझं हसू तिथेच थांबलं.

“नेहमीसारखा म्हणजे?”

ती डब्याचं झाकण बोटानं घासत उभी राहिली. बाहेर खंडेरावची वेल्डिंग तडतडत होती.

“छाया, नेहमीसारखा म्हणजे काय?”

“वर्ष-दीड वर्ष झालं. पंपाचं झाकण, ती पुली, सगळंच थोडं थोडं हलायचं. मी पेपर मारताना नीट करून घ्यायचे. आधी नुसता पेपर पुरायचा. नंतर रंधा घ्यायला लागले.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? तुम्ही किती आवडीनं करत होतात.”

मग मात्र माझा तोल गेला. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही, लाज वाटते. मला वेड्यात काढलंस म्हणालो. तीस वर्षांच्या कामाला काळं फासलंस म्हणालो. शेवटी माझाच श्वास संपला आणि मी चपला घालून बाहेर पडलो.

नाक्यावरच्या टपरीवर जाऊन बसलो. चहावाल्यानं नेहमीप्रमाणे माझा चहा अर्धाच भरला, सांडू नये म्हणून. तोही माझी काळजी घेत होता आणि त्यानंही मला कधी विचारलं नव्हतं. त्या अर्ध्या ग्लासाकडे बघत मी बराच वेळ बसलो. थकवा आला होता. आयुष्यभराचा आला होता म्हणा.

आणि बसल्या बसल्या एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. छायाला काही बोलायची गरजच नव्हती. दुकान बंद झालंच होतं. फ्लॅट ठरला होता. इतकी वर्षं जे मागत होती ते तिच्या पदरात आपसूक पडलं होतं. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं, बाकी काही नाही. मी स्वतःला खुळा समजत त्या लिफ्टमधून वरखाली करत राहिलो असतो आणि ती आरामात बसली असती. तिनं तोंड उघडलं, कारण मी स्वतःला खुळा समजत होतो ते तिला बघवेना. आणि मी तिला काय काय बोलून आलो होतो!

परत गेलो. ती शेडच्या दारात पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो. दोघांनाही गुडघे दुमडायला वेळ लागला.

“एक चुकला तर सांगितलंस,” मी म्हणालो. “इतके बरोबर करून दिलेस, ते का नाही सांगितलंस?”

“बरोबर झालेल्या कामाचं कोण सांगतं?” ती म्हणाली. “तुम्ही कधी सांगितलंत?”

मग मी समाधानला फोन लावला. म्हणालो, “चूक आमच्या दुकानातून झालीय. वरचं धुराडं राहू दे, तळाचा भाग नवा करून पाठवतो. त्या काकांना सांग, महिनाभर टोपी तिरकी राहू द्या.” तिकडून म्हाताऱ्याचं हसणं ऐकू आलं.

लाकडाचा ठोकळा शोधून बेंचवर ठेवला. प्लायचा साचा गोणीतून काढला. गोळीची वेळ होऊन गेली होती आणि हात चांगलाच नाचत होता. पटाशी टेकवली तर टोक टकटक वाजायला लागलं. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. हिवाळ्यात झालं होतं ते आता होणार नव्हतं. ते एकदाच व्हायचं होतं, झालं होतं, आणि छायानं रंध्याखाली काढून टाकलं होतं. हे मला कळलं आणि तिलाही कळलं. ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत उभी राहिली.

“इकडे ये,” मी म्हणालो.

ती आली. मी तिला फुटका तुकडा दाखवला, साचा दाखवला. इंजिनाचा डबा कसा चेपला असेल, कुणीतरी तो कसा ठोकला असेल, तळ वाकडा का करावा लागला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, “अगं बाई, म्हणजे मुद्दाम होतं ते!” मग पटाशी तिच्या हातात दिली आणि मी स्टूल ओढून बसलो.

“तुम्ही नाही करणार?”

“मी बरोबर वाकडं करायचं आणि तू ते सरळ करायचं, त्यापेक्षा आता तूच वाकडं कर. मी सांगतो कुठे.”

तिनं पदर खोचला. पटाशी लाकडावर टेकवली आणि थांबली.

“अहो, चुकलं तर?”

“चुकलं तर दोघांचं चुकलं म्हणू,” मी म्हणालो. “एकट्याचं चुकलं की माणूस पागल व्हायची पाळी येते गं.”